घराचा आकडा आणि गच्चीवरच्या बादल्या

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला बजाजनगरात भाड्याने राहतो. मिस्टर कंपनीत आहेत, हातात 30,000 येतात. माझे शिवणकामाचे सरासरी 12,000. भाडे 8,000. दिवाळीला बोनस 25,000 च्या आसपास. शिल्लक 1 लाख 40 हजार. चार वर्षांत 25 लाखांपर्यंतचा फ्लॅट घ्यायचा आहे. ओळखीचे म्हणतात, फ्लॅटच्या नादी लागू नका, गुंठेवारीतला (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला) 20 बाय 30 चा प्लॉट बॉण्डवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर, घेऊन टाका. दुसरे म्हणजे घरमालकाने गच्ची वापरायला दिली आहे. भाजी लावली तर खर्च वाचेल, की तोही एक खर्चच होईल?

उत्तर :

ताई, गच्चीवरच्या भाजीने घर होत नाही, पण गच्चीमुळे महिन्याचे चार-पाचशे रुपये उडणार की वाचणार, हे पहिल्या पंधरा दिवसांतल्या खरेदीवर ठरते. त्याकडे नंतर येऊ. आधी घराचा आकडा, कारण बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो.

“पंचवीस लाखांचे घर, नव्वद टक्के कर्ज, म्हणजे अडीच लाख जमले की काम झाले,” असे धरू नका. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे हे खरे. पण ती वरची मर्यादा आहे, तेवढे मिळेलच असे नाही. करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांतली जी कमी, ती बँक धरते. मूल्यांकन 23 लाख निघाले तर टक्केवारी 23 ची लागते आणि वरचा फरक रोखीने तुम्हाला भरावा लागतो. शिवाय या किमतीच्या घरात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जाच्या हिशेबात येत नाही. म्हणून 85 टक्के मिळतील असे समजून चाला.

मग 25 लाखांच्या तयार फ्लॅटसाठी स्वतःचे किती लागतील? 15 टक्के म्हणजे 3 लाख 75 हजार. महापालिका हद्दीत सेससह 6 टक्के मुद्रांक, 1 लाख 50 हजार. नोंदणी फी 1 टक्का, 25 हजार. वकिलाचा मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल, बँकेची प्रोसेसिंग फी, मूल्यांकन आणि गहाणाचे कागद मिळून 35 हजार धरा. महावितरणचे मीटर नावावर करणे, पंखे, नळ, ग्रील, ओट्याखालच्या ट्रॉल्या या गोष्टी कर्जात बसत नाहीत, त्यांचे 80 हजार. बेरीज 6 लाख 65 हजार होते. लक्ष्य 7 लाखांचे ठेवा. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांकाचा दर वेगळा असतो, तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयात त्या गटाचा दर आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत आधी विचारा. करारातली आणि रेकनरची यांत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक लागतो. बांधकाम चालू असलेले घर असेल तर जीएसटी येतो. 45 लाखांच्या आतल्या आणि आपल्याकडच्या शहरांत 90 चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतच्या घराला तो 1 टक्का आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर राज्यात मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळते, तुमच्या बाबतीत 25 हजार. नवऱ्यासोबत जोडनावाने घेतले तर ही सवलत जाते. मिस्टर कर्जात सहकर्जदार राहू शकतात, मालकी तुमची. हे घरात बसून आधीच ठरवा, नोंदणीच्या दिवशी टेबलासमोर नको.

आता हे 7 लाख येणार कुठून? 1 लाख 40 हजारांतले 85 हजार बाजूला काढून ठेवा. तुमच्या घरखर्चाचे ते जवळपास तीन महिने आहेत. कंपनीत ले-ऑफ किंवा कामबंदी झाली, तर घराच्या पैशाला हात लागायचा नाही. उरले 55 हजार. महिना 11,500 साडेसहा टक्क्यांच्या आसपास चार वर्षे टाकले तर 6 लाख 30 हजारांच्या जवळ जातात, 55 हजारांचे 71 हजार होतात. सात लाख झाले. पण चार वर्षांत किंमत जागेवर थांबणार नाही. किमतीत एक लाख वाढ म्हणजे तुमच्या खिशाला 22 हजारांचा जादा भार (15 टक्के, 6 टक्के आणि 1 टक्का). पाच लाखांची वाढ झाली तर 1 लाख 10 हजार. त्यासाठी चार दिवाळ्यांचा बोनस आहे. म्हणजे बोनस आजच खर्ची पडला असे समजा.

42,000 मध्ये 11,500 निघतात का? भाडे 8,000, किराणा-गॅस 7,000, दूध 2,000, भाजी-फळे 2,500, लाइट-मोबाइल 1,800, पेट्रोल 2,000, पाण्याचे जार आणि टँकरचा वाटा 600, औषध आणि विमा 1,500, कपडे-सण-आहेर 2,500, गावाकडे 1,500. झाले 29,400. उरतात 12,600, म्हणजे 11,500 टाकून 1,100 मोकळे. अगदी घट्ट बसते, पण बसते.

घोळ होतो मार्च ते जूनमध्ये. कूलरमुळे लाइटबिल फुगते, टँकर वाढतात, लग्नसराईचे आहेर येतात, जूनला शाळा. तुमचे शिवणकामही याच दिवसांत जास्त येते, पण ते पैसे उशिरा हातात पडतात. म्हणून 11,500 ची सरसकट आवर्ती ठेव करू नका. एप्रिलमध्ये हप्ता चुकतो, दंड लागतो, मग ठेव मोडायचा मोह होतो. 9,500 ची आवर्ती ठेव पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाईल अशी लावा. उरलेले वर्षाचे 24,000 जुलै ते फेब्रुवारी या आठ महिन्यांत, महिना 3,000 प्रमाणे भरा.

ठेव बँकेत एक-एक वर्षाची करा आणि मुदत संपली की मुदत ठेवीत टाका. पोस्टाची आवर्ती ठेव सुरक्षित आहे, पण ती पाच वर्षांची असते. तीन वर्षांनंतर मोडता येते, मात्र व्याज बचत खात्याच्या दराने मिळते. चार वर्षांच्या बेताला ती बसत नाही. एक-दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्था आणि मल्टीस्टेट सोसायट्यांकडे घराचे पैसे नेऊ नका. बँकेतल्या ठेवीला व्याजासह 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, तेही प्रत्येक बँकेत वेगळे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. मराठवाड्यात ठेवीदारांनी यातून काय भोगले आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच. 5 लाख ओलांडायला आले की दुसऱ्या बँकेत खाते उघडा. भिशीचेही तेच, तिच्यातून शिलाई मशीन घ्या, घर नको. सोने घालायला घ्या, साठवायला नको. मजुरी परत मिळत नाही आणि ज्या महिन्यात मोडायचे त्या महिन्याचा भाव तुमच्या हातात नसतो.

या 11,500 चा आणखी एक उपयोग आहे. 25 लाखांच्या 85 टक्के म्हणजे 21 लाख 25 हजारांचे कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षे, तर हप्ता 18,440 च्या आसपास येतो (लाखाला 868). भाडे 8,000 आणि बचत 11,500 मिळून 19,500 होतात. हप्ता झेपेल का याची रंगीत तालीम तुम्ही आत्ताच करताय. सहा महिन्यांत दोनदा बचत चुकली तर 25 लाखांचे घर तुमच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे कर्ज डोक्यावर नसताना कळेल. घर 30 लाखांवर गेले तर हप्ता 22,000 च्या पुढे जातो. आजच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त. तेव्हा पगार वाढलेला नसेल तर जुन्या इमारतीतला रीसेल फ्लॅट बघा, 30 लाखांचा हट्ट नको.

दरम्यान हप्त्यावर मोबाइल, टीव्ही, गाडी टाळा. 3,000 चा चालू हप्ता तुमची कर्जपात्रता साधारण साडेतीन लाखांनी खाली आणतो.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधली व्याज सवलत तुमच्या उत्पन्नाला लागू होऊ शकते. वार्षिक 3 ते 6 लाखांचा गट, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही तुमच्या नावे पक्के घर नको. गावाकडचे घर मिस्टरांच्या नावावर असेल तर अर्ज अडकतो. पहिल्या 8 लाखांच्या कर्जावर 4 टक्के सवलत, जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा होतात. डाउन पेमेंटला याचा काही उपयोग नाही. योजना 1 सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांची आहे, म्हणून तुमच्या 7 लाखांच्या हिशेबात ती धरलेली नाही. मिळाली तर हप्ता हलका होईल. म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाच्या सोडतीवर मात्र लक्ष ठेवा, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र तयार असू द्या. ऐनवेळी कागद नाहीत म्हणून अर्ज राहून जातात.

आता बॉण्डवरचा प्लॉट. घेऊ नका. नोटरी केलेल्या बॉण्डने मालकी येत नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. विकणाऱ्याने तोच तुकडा दुसऱ्याला रजिस्ट्री करून दिला तर तुमच्याकडे फक्त बॉण्ड राहतो. अनियमित गुंठेवारीवर बँक ना प्लॉटला कर्ज देते ना बांधकामाला. तुमचे सात लाख मातीत अडकतात, वर भाडे चालूच. गुंठेवारीचा कायदा 2001 चा आहे, आणि दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे भूखंड नियमित करता येतात. तेव्हा प्लॉटच हवा असेल तर नियमितीकरणाचे प्रमाणपत्र, मंजूर रेखांकन आणि नोंदणीकृत खरेदीखत, तिन्ही बघून घ्या. “पुढे होऊन जाईल” यावर पैसे देऊ नका.

आपल्या भागात सातबाऱ्यावर आणखी एक गोष्ट बघावी लागते. निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी पुष्कळ आहेत. भोगवटादार वर्ग 2, इनाम, मदतमाश, खिदमतमाश, वक्फ यांपैकी काहीही सातबाऱ्यावर, फेरफारात किंवा 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकात दिसले, तर वकिलाच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नका. खिदमतमाश जमीन देवस्थान-धर्मस्थळाच्या सेवेसाठी दिलेली असते, ती विकण्याचा अधिकारच बहुधा विकणाऱ्याकडे नसतो. फ्लॅटच्या बाबतीत महारेराचा (बिल्डरच्या प्रकल्पांची नोंदणी करणारे सरकारी प्राधिकरण) क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून बघा. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे त्याच्या माणसाला सांगायला लाजू नका.

गच्चीकडे वळू. भाजीच्या 2,500 मध्ये कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, हिरवी मिरची आणि पालेभाज्या यांचे 600 तरी असतात. थोडी लागतात, रोज लागतात, लवकर सुकतात आणि वजनाच्या मानाने महाग पडतात. लावायचे ते हेच. कांदा, बटाटा, कोबी बादलीत लावणे म्हणजे पाणी घालून पैसे बुडवणे. नीट जमले तर जुलै ते फेब्रुवारी महिन्याला 400-500 वाचतील, उन्हाळ्यात जवळपास काही नाही. वर्षाचे साडेतीन-चार हजार, चार वर्षांत 15,000 च्या घरात. तुमच्या नोंदणी फीचा निम्म्याहून जास्त भाग निघाला. पण सुरुवातीलाच नर्सरीत जाऊन सिरॅमिकच्या कुंड्या, कोकोपीटच्या विटा आणि रंगीत पाकिटातली खते आणली, तर पहिल्या वर्षाची बचत तिथेच गेली. एकूण खर्चाला 1,200 ची मर्यादा घाला.

कुंड्या विकत घेऊ नका. रंगाच्या 20 लिटरच्या रिकाम्या बादल्या पेंटरकडे किंवा भंगारात स्वस्तात मिळतात. दहा पुरेत. तळाला 10-12 मिलिमीटरची पाच-सहा भोके पाडा, आणि दोन भोके बाजूला, तळापासून अर्धा इंच वर, म्हणजे तळ बुजला तरी पाणी निघते. तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबाही चालतो, पण एप्रिलच्या उन्हात पत्रा तापून मुळे शिजतात. तो वापरायचा तर बाहेरून चुना मारा आणि आतून गोणपाट लावा. भिजलेली 20 लिटरची बादली 30 किलोच्या आसपास भरते. दहा बादल्या गच्चीच्या मध्यभागी न मांडता, जिथे खाली भिंत आहे त्या कडेने, गच्चीच्या जमिनीवर विटा मांडून ठेवा. खाली हवा खेळते आणि घरमालकाच्या छताला ओल धरत नाही. पत्र्याच्या छतावर काहीच ठेवू नका.

सर्वांत जास्त झाडे मरतात ती नुसत्या काळ्या मातीमुळे. काळी माती ओली असताना हवा अडवते आणि वाळली की आक्रसते. बादलीच्या कडेने फट पडते, वरून घातलेले पाणी फटीतून थेट खाली जाते आणि मूळ कोरडेच राहते. बाईला वाटते, पाणी तर रोज घालते. मिश्रण असे करा: दोन घमेली काळी माती, एक घमेले बारीक मुरूम किंवा जाड वाळू, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत, एक घमेले वाळका पाला. प्रत्येक बादलीत दोन मुठी निंबोळी पेंड. सोयाबीनचे भुसकट फुकट मिळते म्हणून कच्चेच मिसळू नका. ते कुजताना मातीतला नत्र ओढते आणि रोपे पिवळी पडतात. ते वरून दोन इंच आच्छादन म्हणून पसरा, उन्हाळ्यात पाणी बरेच वाचते.

पाण्याचा हिशेब महत्त्वाचा, कारण तुम्ही टँकरचे पैसे देता. दहा बादल्यांना थंडीत दिवसाला 7-8 लिटर, एप्रिल-मेमध्ये 15 ते 20 लिटर लागते. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी साठवले तर थंडीत वेगळे पाणी लागत नाही. साबणाचे पाणी नको. आणि कूलरच्या टाकीत उरलेले पाणी कधीही घालू नका. पाणी उडून जाते, बोअरचे क्षार मागे राहून घट्ट होतात. पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरी साय धरते. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचे तेच, ते फरशीला वापरा. पावसाळ्यात बादल्या दोन-तीनदा खळखळून भिजू द्या, साठलेले क्षार धुऊन जातात.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार नेहमीची. धना म्हणजे दोन बियांची जोडी. लाटण्याने हलकेच रगडून तो फोडायचा, रात्रभर भिजवायचा आणि अर्धा इंच खोल पेरायचा. दीड बाय एक फुटाच्या ट्रेला 20-25 ग्रॅम धने बस. किराणातले धने जुने किंवा भाजके असले तर उगवत नाहीत. आधी दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघा. उगवायला 8 ते 12 दिवस लागतात. घटस्थापनेपासून माघापर्यंत दर पंधरा दिवसांनी एक ट्रे पेरला की सलग मिळते. मार्चनंतर पेरू नका, उष्णतेने लगेच फुलावर येते. मेथी त्याहून सोपी, तीन-चार दिवसांत उगवते आणि महिनाभरात कापायला येते. मुळासकट उपटू नका. एक इंच ठेवून कापली तर दुसरा फुटवा येतो. पुदिना बाजारच्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवून लावा, त्याला वेगळी बादली द्या, नाहीतर शेजाऱ्याला खाऊन टाकतो.

मृग निघाल्यावर भेंडी, गवार, गिलके. भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी क्रांती’ हा वाण घ्या. हळद्या रोगाला प्रतिकारक म्हणून तो काढलेला आहे, आणि सरळ वाण असल्याने एका झाडावरच्या दोन शेंगा वाळवून पुढच्या वर्षीचे बी घरचेच होते. संकरित भेंडीचे बी धरू नका, पुढच्या पिढीत तीच भेंडी येत नाही. मिरचीला बादलीत एकच रोप. दोन लावली की दोन्ही खुरटतात.

कढीपत्त्याचे रोप विकत आणायची गरज नाही. मोठ्या झाडाच्या बुडाशी मुळांपासून फुटवे येतात, पावसाळ्यात एक मुळासकट काढून आणा. पहिले वर्ष तोडू नका. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते पाणी कमी पडल्याचे लक्षण नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत झाडाला लोह मिळत नाही. कृषी सेवा केंद्रातून हिराकस (फेरस सल्फेट) आणा, लिटरला 3 ग्रॅम आणि चार थेंब लिंबू, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा.

मावा, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी औषध विकत घेऊ नका. जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. गर धुऊन बिया सावलीत वाळवा आणि किलोभर भरून ठेवा. 50 ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा टाका आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने मारा. त्याच दिवशी वापरून संपवा, उरलेले ठेवले तर कस जातो. 

मार्चअखेरीला बादल्या निम्म्यावर आणा. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा एवढेच हिरव्या नेटखाली, बाकीची माती एका कोपऱ्यात ओतून तिच्यात वर्षाचा वाळका पाला आणि शेणखत मिसळून गोणपाटाखाली झाकून ठेवा. जूनला तीच माती पुन्हा भरायची. नवीन विकत घ्यायची नाही.

आणि फ्लॅट बघायला जाल तेव्हा बाल्कनीची दिशा दुपारी तीन वाजता उभे राहून बघा. पश्चिमेची असेल तर आपल्याकडच्या उन्हात तिथे कढीपत्त्याशिवाय काही टिकणार नाही, आतली खोलीही तापेल आणि कूलरचे बिल वाढेल. पूर्वेची असेल तर सकाळचे चार तास ऊन मिळते, कोथिंबीर आणि मेथीला तेवढे पुरते. सोसायटीची गच्ची सामाईक असते, तिथे बादल्या ठेवता येतीलच असे नाही. हे करारावर सही करण्याआधी विचारून घ्या.